डोळे, हात आणि शस्त्र : ‘दो आँखें बारह हाथ’मधील विश्वासाची नीती

वेस्टर्नपट हा चित्रप्रकार मराठी समीक्षेने फारसा गांभीर्याने घेतलेला नाही. घोडे, रुंद काठाच्या टोप्या, पिस्तुले आणि धूळ एवढ्या सामग्रीवर त्याची बोळवण केली गेली. वस्तुतः या चित्रप्रकाराच्या मुळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे. जेथे कायदा पोचलेला नाही तेथे तो कोणाच्या हाताने पोचतो, आणि ज्या हाताने तो पोचतो त्या हाताचे पुढे काय होते? आंद्रे बाझँसारख्या फ्रेंच समीक्षकाला या चित्रप्रकारात अमेरिकन चित्रपटाचे सत्त्व दिसले, तर रॉबर्ट वॉर्शो याने १९५४ मध्ये वेस्टर्नचा नायक हिंसेच्या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहण्याची एक संधी देतो अशी मांडणी केली. हिंसा करावी की करू नये हा तो प्रश्न नव्हे. हिंसा करणाऱ्याने स्वतःला कसे वागवावे, हा आहे. त्यामुळेच वेस्टर्नचा नायक गोळी झाडण्यापूर्वी एवढा वेळ थांबतो.

या प्रश्नाला भारतीय चित्रपटाने दिलेल्या उत्तरांपैकी सर्वांत विलक्षण उत्तर औंध संस्थानातल्या एका प्रयोगातून निघाले. आज मुख्यतः सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत विभागलेल्या या संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली, आणि त्या प्रेरणेतून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा हिंदी चित्रपट काढला. कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची. माडगूळकर आटपाडी परिसरात जन्मलेले आणि औंधच्या शाळेत शिकलेले असल्यामुळे ती भूमी त्यांना ऐकून माहीत नव्हती, तर अंगावर होती.

या चित्रपटाला वेस्टर्न कोणी म्हटलेले नाही, आणि तसे नाव त्याला चिकटवण्यात फारसे हशीलही नाही. शांतारामांनी हॉलिवूडचे काही उचलले असे येथे सुचवावयाचे नाही. तथापि एखाद्या संहितेची वीण कळण्यासाठी कधी कधी तिला तिच्या घराबाहेरच्या शेजाऱ्याजवळ ठेवावे लागते. योगायोग असा की १९५७ याच वर्षी अमेरिकेत डेल्मर डेव्ह्ज यांचा ‘थ्री टेन टू युमा’ हा वेस्टर्न आला. त्यातही दुष्काळ आहे. डॅन इव्हान्स हा कर्जाला आलेला शेतकरी पाण्यासाठी पैसे हवेत म्हणून बेन वेड या दरोडेखोराला तुरुंगाच्या गाडीपर्यंत पोचवण्याचे काम पत्करतो. चित्रपटाचा मोठा भाग हॉटेलच्या एका खोलीत घडतो. एकाच्या हातात बंदूक आहे, दुसऱ्याच्या जिभेवर साखर आहे. अखेरीस दरोडेखोर आपण होऊन शेतकऱ्याबरोबर गाडीत उडी घेतो, आणि पाऊस येतो. शांतारामांच्या चित्रपटातही नापीक रान आहे, खुनी आहेत, त्यांना जबाबदारीवर घेतलेला एक माणूस आहे आणि पाऊस आहे. फरक एका वस्तूचा आहे. इव्हान्सच्या हातातली बंदूक जवळजवळ शेवटपर्यंत वेडवर रोखलेली असते, तर आदिनाथ या तुरुंगाधिकाऱ्याने ती पहिल्यापासूनच घेतलेली नाही.

ती न घेणे म्हणजे नेमके काय, हा या चित्रपटाचा नैतिक गाभा होय. त्याकडे वळण्यापूर्वी या दिग्दर्शकाच्या धाडसाची नोंद करणे अगत्याचे आहे, कारण हे धाडस आशयाबाहेरचे नाही. शांताराम १९४२ मध्ये प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर स्थापन केले. निर्माता, दिग्दर्शक आणि येथे नायकही तेच, म्हणजे चुकले तर बोट दाखवायला दुसरे कोणी नाही. १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’ने रंग, नृत्य आणि तिकीटबारी या तिन्ही आघाड्यांवर त्यांना यश दिले होते. त्यानंतर त्याच वाटेने जाणे कोणत्याही व्यावसायिकाला सुचले असते. शांताराम कृष्णधवलाकडे परतले. कथेत सहा खुनी आणि एक अधिकारी, नायक-नायिकेच्या प्रेमाला जवळपास जागा नाही, गाणी आहेत पण त्यांतले सर्वांत गाजलेले गाणे प्रार्थना आहे. पुढे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवातला पुरस्कार मिळाल्यामुळे हे धाडस मागाहून शहाणपणासारखे दिसू लागले, एवढेच. कौतुक करावयाचे ते पुरस्कारांचे नव्हे. विश्वास ठेवणाऱ्या माणसाची गोष्ट सांगताना दिग्दर्शकानेही प्रेक्षकावर तसाच, विनातारण विश्वास ठेवला, याचे होय.

वेस्टर्नच्या चौकटीत हा चित्रपट ठेवला की काही गोष्टी, एरवी अतिपरिचयाने दिसेनाशा झालेल्या, पुन्हा दिसू लागतात. पहिली गोष्ट जमिनीची. वेस्टर्नमध्ये माळ ही नुसती पार्श्वभूमी नसते, ती कायद्याआधीची अवस्था असते. तेथे कुंपण घालणे, विहीर खणणे, पेरणे या कृती राजकीय असतात. आदिनाथ कैद्यांना तुरुंगातून काढतो आणि पडीक रानात आणतो, तेव्हा तो त्यांना समाजात आणत नाही. समाजाच्या अलीकडच्या टप्प्यावर, जेथून समाज सुरू होतो तेथे, नेतो. ज्यांनी खून करून करार मोडला त्यांना करार जेथे प्रथम झाला त्या जागी नेऊन उभे करणे, अशी ही कल्पना आहे. ती उपदेशाच्या कल्पनेहून किती तरी खोल आहे. चित्रपटात उपदेश आहेच, नाही असे नाही, पण नांगर आणि कुदळ यांचे काम शब्दांहून अधिक परिणामकारक ठरते.

दुसरी गोष्ट गुरांची. जॉर्ज स्टीव्हन्सच्या ‘शेन’मध्ये (१९५३) कुरणांवर हक्क सांगणारा गुरांचा मालक आणि जमीन कसणारे वसाहतकार यांचा संघर्ष आहे. गुरे मोकळी सोडायची की पिकाला कुंपण घालायचे, या भांडणावर त्या चित्रप्रकाराचा अर्धा इतिहास उभा आहे. शांतारामांच्या चित्रपटात शत्रू गुरांचा मालक नाही. तो बाजारावर पकड असलेला व्यापारी आहे. कैदी आपली भाजी रास्त भावात विकतात, त्यामुळे त्याचा नफा धोक्यात येतो. पण सूड घेताना तोही शेवटी जनावराचाच उपयोग करतो, आणि पिकलेल्या रानात उन्मत्त बैल घुसतात. माणदेशाच्या संदर्भात या प्रतिमेला एक विपरीत धार आहे. हा खिलार बैलांचा मुलूख, खरसुंडीच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, बेंदराला बैलाच्या शिंगांना रंग लावून त्याला पुरणपोळी चारतात. शेतकऱ्याचा जो देव, तोच येथे शेतकऱ्यावर सोडलेले शस्त्र होतो. व्यापाऱ्याच्या दुष्टपणाविषयी चित्रपट जे काही बोलून सांगतो त्यापेक्षा ही एक गोष्ट अधिक सांगते.

तिसरी गोष्ट स्त्रीची, आणि ती येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. संध्या यांनी साकारलेली खेळणी विकणारी चंपा सगळ्या पुरुषी, रापलेल्या चौकटीत एक आवाज म्हणून येते. वेस्टर्नमध्ये स्त्री बहुधा शाळा आणि चर्च यांची दूत असते. चंपा त्यातली कोणी नाही. ती व्यवहारातली बाई आहे, पण तिच्या मालाची किंमत लहान मुलालाच कळते. या पात्राला चित्रपटाने पुरता न्याय दिलेला नाही.

आता डोळ्यांकडे यावयास हवे. चित्रपटाच्या शीर्षकातच एक विषम गणित आहे. बारा हात आणि दोन डोळे. हात कैद्यांचे, डोळे अधिकाऱ्याचे. ज्यांनी खून केले ते सहाही जण डोळ्यांविना आहेत आणि जो पाहतो त्याचे हात मोजणीत धरलेले नाहीत. पळून जाण्याचा विचार करणाऱ्या कैद्यांना ते डोळे आडवे येतात, पडद्यावर ते प्रचंड होतात, अंगावर येतात. १९७५ नंतर, म्हणजे मिशेल फूको याचे शिक्षा आणि तुरुंग यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर, हे दृश्य निरागसपणे पाहणे कोणत्याही अभ्यासकाला कठीण आहे. बेंथमच्या आराखड्यातील गोल तुरुंगात मध्यभागी मनोरा असतो. मनोऱ्यात कोणी असो वा नसो, आपण पाहिले जात आहोत असे कैद्याला सतत वाटावे एवढीच त्या रचनेची अपेक्षा. पहारेकऱ्याची गरज मग उरत नाही, कारण कैदीच स्वतःचा पहारेकरी होतो. या वाचनानुसार आदिनाथने भिंती पाडल्या नाहीत, त्या फक्त आत नेऊन बांधल्या. बेड्यांची जागा डोळ्यांनी घेतली आणि डोळ्यांना किल्ली नसते.

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो ‘मानवतावादी चित्रपट’ या गुळगुळीत शब्दाने टाळता येणार नाही. चित्रपटाचे काही भाग त्याला पुष्टीही देतात. डोळे जेव्हा जवळजवळ दैवी होतात, बाबूजी हे संबोधन जेव्हा पित्याकडून देवाकडे सरकू लागते, तेव्हा शांताराम आपल्याच शोधापासून दूर जातात. तेथे चित्रपट माणसाच्या विश्वासाऐवजी चमत्कारावर विसंबतो, आणि चमत्काराला नीतिशास्त्रात स्थान नाही.

परंतु आक्षेप तेवढ्यावर संपत असेल तर तो चित्रपट पुरा पाहिल्याचे लक्षण नव्हे. मनोऱ्यातल्या पहारेकऱ्याचे वैशिष्ट्य असे की तो पाहतो पण दिसत नाही. त्याला कोणी गळा दाबून मारू शकत नाही. आदिनाथ उलट पक्षी पूर्णपणे दिसतो, झोपतो, त्याच रानात राबतो. सहा खुनी आणि तो एकटा. येथे नजर एकेरी उरत नाही. पाहणारा स्वतः पाहिला जातो, आणि पाहिला जाणारा केव्हाही पाहणाऱ्याला संपवू शकतो. इमॅन्युएल लेव्हिनास याने १९६१ मध्ये मांडलेला विचार येथे अधिक जवळचा वाटतो. दुसऱ्याचा चेहरा, विशेषतः त्याचे निःशस्त्र डोळे, हेच मला मारू नकोस ही आज्ञा असते, आणि ती आज्ञा बळातून येत नाही तर अगतिकतेतून येते. आदिनाथचे डोळे कैद्यांना अडवतात ते पहाऱ्यामुळे नव्हे. ते डोळे बंद करणे इतके सोपे आहे, हे कैद्यांना ठाऊक आहे म्हणून. फूकोचा पहारेकरी सुरक्षित असल्यामुळे शक्तिमान आहे. आदिनाथला जी शक्ती आहे ती असुरक्षितपणाची.

या दोन वाचनांपैकी एक निवडण्याची सक्ती समीक्षेने स्वतःवर लादून घेऊ नये. चित्रपटात दोन्ही प्रकारचे डोळे आहेत. कॅमेरा जेव्हा आदिनाथला रानात, कामात, इतरांच्या उंचीवर ठेवतो तेव्हा दुसरे वाचन सिद्ध होते. तो जेव्हा डोळे देहापासून सुटे काढून पडदाभर पसरतो तेव्हा पहिले. देहातले डोळे आणि देहाबाहेरचे डोळे हा भेद मानला तर चित्रपटातील उणे-अधिक बरेचसे उलगडते.

विश्वासाची खरी कसोटी मात्र डोळ्यांनी होत नाही. ती हातांनी होते. व्यापाऱ्याची माणसे कैद्यांना बेदम मारतात आणि कैदी हात उगारत नाहीत, कारण तसा शब्द त्यांनी बाबूजींना दिलेला असतो. ज्या हातांनी पूर्वी माणसे मारली ते बारा हात या प्रसंगी स्वखुशीने निरुपयोगी होतात. वेस्टर्नच्या परंपरेत याला जोड नाही. तेथे सुधारलेला बंदूकबाज अखेर एकदा तरी बंदूक उचलतोच, आणि त्या एका वेळेसाठीच प्रेक्षक सगळा चित्रपट थांबलेला असतो. शांताराम प्रेक्षकाचा हा हिशेब चुकता करीत नाहीत. पण प्रसंगाची धार याहून पुढे आहे. कैद्यांच्या शब्दाची किंमत कैद्यांनी रक्ताने भरली, आणि तो शब्द घेणारा त्या वेळी तेथे नव्हता. कोणाला निःशस्त्र राहण्याचे वचन द्यायला लावणे ही वचन घेणाऱ्यावर पडलेली जबाबदारी असते. तू हात उचलू नकोस असे सांगणाऱ्याला त्या हातांच्या वतीने कोठे तरी उभे राहावे लागते. चित्रपटाच्या अखेरीस आदिनाथ बैलांसमोर उभा राहतो तो पिकासाठी, असे वरवर दिसते. वास्तविक तो त्या वचनाचे देणे फेडीत असतो.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो, आणि तो या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. आदिनाथ का मरतो? वेस्टर्नमध्ये नायकाला वस्ती सोडावीच लागते. शेन जखमी अवस्थेत डोंगराकडे निघून जातो. ‘हाय नून’मधला (१९५२) मार्शल आपला बिल्ला धुळीत फेकतो आणि गाव सोडतो. याचे कारण त्या चित्रप्रकाराला ठाऊक आहे: ज्या हाताने कायदा आणला तो हात रक्ताने माखलेला असतो, आणि कायद्याच्या वस्तीत त्याला जागा नसते. आदिनाथचे हात स्वच्छ आहेत. मग त्याला जाण्याचे प्रयोजन काय? भावनात्मक उत्कर्षबिंदूसाठी, हे उत्तर खरे असले तरी उथळ आहे. खोलातले उत्तर असे संभवते की हा चित्रपट रक्षकाविना कायदा कल्पू शकत नाही. आदिनाथ जिवंत राहिला असता तर एक दिवस त्याची बदली झाली असती. दुसरा अधिकारी आला असता. मग त्या सहा जणांचे काय झाले असते, या साध्या, सरकारी, कंटाळवाण्या प्रश्नाला चित्रपटाने सामोरे जावे लागले असते. मृत्यू त्याला या प्रश्नातून सोडवतो. बदली होऊ शकणारे डोळे मृत्यूनंतर बदलीच्या पलीकडे जातात.

आणि नेमका तो कंटाळवाणा प्रश्नच औंधने सोडवण्याचा प्रयत्न केला होता. औंध हे लहानसे, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले, बहात्तर गावांचे संस्थान. भवानराव पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. चित्रकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक, संग्रहालय उभारणारे राजे म्हणून त्यांची ओळख आहे, आणि औंधच्या डोंगरावरील संग्रहालय पाहणाऱ्याला त्यांच्या रुचीचा आवाका आजही कळतो. पण त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत असामान्य गोष्ट चित्रांच्या दालनात नाही. १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने, त्यांनी राज्यघटना देऊन आपली सत्ता ग्रामपंचायतींपासून वर चढत जाणाऱ्या लोकप्रतिनिधींच्या रचनेकडे सोपवली. या कामात त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधून आलेले अभियंते यांचा मोठा वाटा होता. फ्रीडमन गांधीविचाराने भारून भारतानंद या नावानेही ओळखले जात. (पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवणारे ते हेच. एका परक्या माणसाने मराठी भाषेवर केलेल्या या दोन उपकारांची नोंद मराठी वाङ्मयेतिहासाने एकत्र अशी अजून घेतलेली नाही.) स्वतंत्रपूर ही याच फ्रीडमन यांच्या कल्पनेतून निघालेली वसाहत. कैद्यांनी भिंतींविना राहावे, शेती करावी, कमवावे.

राज्यघटना आणि वसाहत या दोन घटना वेगळ्या नाहीत, आणि चित्रपटाचा विचार करताना ही गोष्ट निसटता कामा नये. राजाने प्रजेवर ठेवलेला विश्वास आणि तुरुंगाने कैद्यावर ठेवलेला विश्वास यांचे व्याकरण एकच आहे. दोन्हीकडे सत्ता असलेला पक्ष आपली सत्ता आधी खाली ठेवतो, समोरच्याची लायकी सिद्ध होण्याची वाट न पाहता. स्वराज्यासाठी प्रजा अजून तयार नाही, हा त्या काळचा लोकप्रिय युक्तिवाद होता. कैदी अजून सुधारलेला नाही, हा त्याच युक्तिवादाचा तुरुंगातला अवतार. दोन्हींना औंधने दिलेले उत्तर सारखेच होते. तयारी विश्वासाच्या आधी होत नाही, विश्वासानंतर होते.

चित्रपटात या राजकीय पार्श्वभूमीचा मागमूस नाही. संस्थान नाही, राजा नाही, फ्रीडमन नाही, पंचायत नाही. एक आदर्शवादी अधिकारी आणि त्याची परवानगी देणारे वरिष्ठ एवढेच उरते. कलाकृतीला निवडीचा अधिकार असतो, हे मान्य करूनही या निवडीची किंमत मोजावी लागते. जे रचनेचे होते ते व्यक्तीचे झाले. १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले. राजा राहिला नाही, राज्य राहिले नाही, फ्रीडमनही तेथून गेले. स्वतंत्रपूर मात्र शासनाच्या तुरुंग खात्याकडे येऊन चालूच राहिले, आणि निवडक कैदी आजही तेथे कुटुंबासह राहून शेती करतात. तेथे कोणाचे डोळे आकाशात नाहीत. जे आहे ते हजेरीपुस्तक.

यावरून रचना श्रेष्ठ आणि व्यक्ती दुय्यम असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि १९५७ चा चित्रपट त्यामुळे भाबडा ठरवणे त्याहून सोपे. तसे करणे न्यायाचे होणार नाही. संस्था विश्वास टिकवते, पण टिकवता टिकवता त्यातली जोखीम काढून टाकते. खुल्या तुरुंगासाठी कैदी निवडताना वर्तणूक तपासली जाते, भोगलेल्या शिक्षेचा काळ मोजला जातो, पळून जाण्याची शक्यता अजमावली जाते. या सगळ्या गोष्टी रास्त आहेत आणि त्यांविना कोणतेही खाते चालणार नाही. पण ज्याच्यावर विश्वास ठेवणे सुरक्षित ठरले आहे अशा माणसावरच विश्वास ठेवणे ही विवेकी सावधगिरी झाली, विश्वास नव्हे. आदिनाथ सर्वांत धोकादायक सहा जण निवडतो. स्वतंत्रपूरच्या आरंभी जे पाऊल उचलले गेले त्यातली अनिश्चितता नियमावलीत उरणे शक्य नव्हते. ती उरली ती चित्रपटात. त्या अर्थाने शांतारामांनी इतिहासाशी प्रतारणा केली हे जेवढे खरे, तेवढेच त्यांनी त्या इतिहासातला पहिला क्षण, जो इतिहासालाही जपता आला नाही, जपला हेही खरे.

याचे प्रत्यंतर हवे असेल तर ‘शोले’कडे (१९७५) पाहावे. भारतीय वेस्टर्न म्हणून त्याचा लौकिक आहे आणि तो सार्थ आहे. तेथेही माजी पोलीस अधिकारी आहे आणि त्याने विश्वास टाकलेले कैदी आहेत. पण हा विश्वास कसला आहे? ठाकूरला डोळे आहेत, हात नाहीत. म्हणून तो चार हात मोलाने आणतो. कैद्यांमधला जो गुण आदिनाथला विझवायचा आहे, तोच ठाकूरला विकत घ्यायचा आहे. अखेरीस ठाकूर स्वतःच्या पायांनी गब्बरला ठार मारतो असे मूळ चित्रण होते. परिनिरीक्षण मंडळाच्या आग्रहावरून प्रदर्शित आवृत्तीत पोलीस ऐन वेळी येऊन त्याला थांबवतात. कायदा पुन्हा एकदा बाहेरून, उशिरा आणि जबरदस्तीने येतो. ‘शोले’च्या लोकप्रियतेविषयी येथे तक्रार नाही. पण अठरा वर्षांत भारतीय चित्रपटाने कैद्याच्या हातांकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलली, याचा तो स्पष्ट दाखला होय.

‘दो आँखें’विषयी आणखी एक आक्षेप उरतो, आणि त्याला चित्रपटाजवळ उत्तर नाही. हे सहा कैदी कोण आहेत? त्यांना नावे आहेत, स्वभाव आहेत, गुन्हे आहेत. जात नाही. ज्या देशात काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ पासून होता आणि तो १९५२ मध्ये रद्द झाला, तेथे अवघ्या पाच वर्षांनी काढलेल्या चित्रपटात गुन्हेगार हा निव्वळ वाट चुकलेला माणूस असावा, ही गोष्ट उदार आहे आणि अपुरीही. उदार यासाठी की चित्रपट गुन्ह्याला रक्तात पाहत नाही. अपुरी यासाठी की कोणाच्या हातांना कायमच संशयाने पाहिले जाते आणि कोणाच्या हातांना नाही, हा प्रश्न मग विचारताच येत नाही. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी पोलिसांच्या नजरेचे जे वर्णन केले आहे ते वाचल्यावर ‘दोन डोळे’ या शब्दांना शांतारामांच्या कल्पनेत नसलेला एक अर्थ चिकटतो. त्या अर्थाशिवाय हा चित्रपट आज पाहता येणार नाही. म्हणून तो पाहणे सोडावे असे मात्र नव्हे.

चित्रीकरणाच्या वेळी बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्यांना जबर इजा झाली आणि काही काळ दृष्टी राहते की जाते अशी अवस्था होती, ही घटना सर्वश्रुत आहे. तिचा वापर बहुधा दिग्दर्शकाच्या निष्ठेची आख्यायिका म्हणून होतो. तिच्यातला दुसरा अर्थ कमी लक्षात येतो. अधिकाऱ्याची नजर ही अजिंक्य शक्ती म्हणून चित्रित करणाऱ्या माणसाचे डोळे कोणत्याही जनावराच्या शिंगाने जाऊ शकतात, हे वास्तव चित्रपटाच्या चौकटीत नाही, पण चौकटीबाहेर लगेचच आहे. देहातल्या डोळ्यांविषयी वर जे म्हटले, ते शांतारामांना पटकथेने शिकवले नाही. बैलाने शिकवले.

या चित्रपटाशेजारी अखेर ठेवावी लागते ती अमेरिकन संहिता नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची, म्हणजे चित्रपटाच्या दोनच वर्षे आधीची. मुलूख तोच, घर तेच. त्यातही वस्तीवर बाहेरून एक सरकारी माणूस येतो, अधिकारी नव्हे, एक कोवळा शिक्षक. त्यालाही त्या माणसांचा विश्वास मिळवावा लागतो, किंवा अधिक अचूक बोलायचे तर ती माणसेच त्याला न्याहाळून हळूहळू आपले म्हणतात. तो आणि धनगर मिळून तालीम बांधतात, तिच्या उद्घाटनाला संस्थानचा राजा येतो. थोरल्या भावाने जे रान पटकथेत पिकवले, तेच रान धाकट्याने कादंबरीत वाळू दिले. ‘बनगरवाडी’त दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वाडी उठते. शिक्षकाच्या डोळ्यांत कोणतीही शक्ती नाही. तो बघत राहतो, आणि माणसे आपापली बिऱ्हाडे घेऊन चारा-पाण्याच्या शोधात निघून जातात.